विडीवरचा इशारा उशिरा का आला?

तंबाखूचा इतिहास म्हटला म्हणजे बहुधा व्यसनाचा इतिहास सांगितला जातो. ती कोठून आली, कोणी आणली, सरदारांनी हुक्के कसे मढविले, ह्याच्या कथा पुष्कळ आहेत व त्या ऐकावयास गोडही लागतात. आम्ही हा विषय दुसऱ्या टोकाने धरणार आहोत. तंबाखूने माणूस मरतो हे शास्त्रज्ञांना कळल्यावर तो इशारा कोणाला देण्यात आला, केव्हा देण्यात आला आणि कोणाला देण्याचे राहून गेले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. गेली तीस वर्षे आम्ही विडी कामगारांच्या संघटनेचे काम करतो. ज्या मालाने लोकांची फुप्फुसे निकामी होतात, तोच माल वळून आमच्या सभासद बायांच्या घरची चूल पेटते. तेव्हा ह्या विषयात आम्ही तटस्थ आहोत असे श्रोत्यांनी समजू नये. परंतु ज्याचा पाय ह्या चिखलात आहे त्यालाच त्याची खोली ठाऊक असते, हेही तितकेच खरे.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली व दख्खनेत पसरली. अकबराच्या पदरचा असदबेग हा १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि एक मौल्यवान हुक्का बादशहासाठी नेला. त्याची हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. दरबारच्या हकिमाने तेथल्या तेथे हरकत घेतली. हे औषध अनोळखी आहे, आपल्या वैद्यकात त्याचा आधार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. बादशहाने थोडा धूर घेतला, हकिमाचेही ऐकून घेतले, आणि लवकरच सरदारमंडळी हुक्का ओढू लागली. पुढे १६१७ साली जहांगिराने धूम्रपानाला बंदी केली. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तर १६०४ सालीच तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यावरची जकात भरमसाट वाढविली. ह्या राजाज्ञांपैकी एकही टिकली नाही. जकातीचे पैसे खजिन्यात पडू लागले म्हणजे राजाचा आवाज खाली येतो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

खरा पालट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १८८१ साली अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक ह्याला सिगारेट वळण्याच्या यंत्राचा परवाना मिळाला. हे यंत्र दहा तासांच्या पाळीत सुमारे १,२०,००० सिगारेटी वळी. एवढ्या सिगारेटी ओढणारे लोक तेव्हा होते कोठे? माल आधी तयार झाला, गिऱ्हाईक मागाहून तयार करावे लागले. ते तयार करण्याचे काम जाहिरातीने केले. पाकिटात घालावयाची रंगीत चित्रे, भिंतीवरचे फलक, वर्तमानपत्रांची पाने, पुढे नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही सारी त्या यंत्राची लेकरे होत. आपल्याकडे १९१० साली कलकत्त्यास इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि विलायती सिगारेट बाजारपेठेत स्थिरावली.

तिच्यासमोर विडी उभी राहिली. टेंभुर्णीचे पान, चिमूटभर तंबाखू आणि दोऱ्याचा वेढा, एवढेच भांडवल. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट टाकून विडी ओढणे हे देशाभिमानाचे लक्षण ठरले, त्यामुळे धंद्याला मोठा जोर आला. गोंदिया, भंडारा, कामठी, सिन्नर, संगमनेर, सोलापूर, निपाणी ही गावे विडीची वा तंबाखूची गावे म्हणून प्रसिद्धीस आली. ह्या धंद्याला यंत्र लागले नाही, कारण यंत्राहून स्वस्त हात येथे मिळत होते. १९३१ साली व्हिटले कमिशनने हिंदुस्थानातील कामगारांविषयी आपला अहवाल दिला, त्यात विडीच्या कोंदट खोल्या आणि तेथे काम करणारी लहान मुले ह्यांचा उल्लेख आहे.

कामठीचे बाबू हरदास ह्यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. ‘जय भीम’ ह्या अभिवादनाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, हे पुष्कळांना माहीत असते. परंतु ते विडी मजुरांचे संघटक होते, हे फार थोड्यांना माहीत असते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिशीत, क्षयाने वारले. विडी कामगारांची चळवळ अशी प्रथमपासून मजुरीची आणि छातीच्या रोगाची शेजारीण आहे.

आता शास्त्राकडे वळू. १९५० साली दोन मोठे पुरावे पुढे आले. अमेरिकेत विन्डर व ग्रॅहॅम ह्यांनी, आणि इंग्लंडात रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी, फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर माणसे ह्यांची तुलना करून धूम्रपानाकडे बोट दाखविले. डॉल आणि हिल तेथेच थांबले नाहीत. १९५१ पासून त्यांनी इंग्लंडातील हजारो डॉक्टरांच्या सवयी नोंदविल्या आणि कोण कशाने मरतो ह्याचा वर्षानुवर्षे हिशेब ठेवला. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने ह्या पुराव्यांवर शिक्कामोर्तब केले. इंग्लंडात १९६५ साली व अमेरिकेत १९७१ साली दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या.

ही सारी परदेशची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. मुंबईस परळ भागात १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९४४ साली, म्हणजे डॉल आणि हिल ह्यांच्या सहा वर्षे आधी, तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर ह्या तिघांनी विडी ओढणे व तंबाखू चघळणे ह्यांचा तोंडाच्या, घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. १९६३ साली मुंबईत देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. म्हणजे पुरावा आपल्या घरचा होता आणि आपल्या विडीविषयीचा होता. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कंपन्यांनी ह्या पुराव्याला काय उत्तर दिले? ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत सिगारेट कंपन्यांनी मिळून एक पानभर निवेदन दिले. लोकांचे आरोग्य ही आपली पहिली जबाबदारी असल्याचे त्यात आश्वासन होते आणि पुरावा अजून पक्का नसल्याचे सूचित केले होते. पुढील कित्येक दशके हाच पवित्रा राहिला. अधिक संशोधन होऊ द्या, घाई नको. अखेर २००६ साली अमेरिकेच्या न्यायालयाने ह्या कंपन्यांनी जनतेची फसवणूक केली असा निकाल दिला. बावन्न वर्षे गेली. कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. मालकाला मागणी फेटाळता आली नाही म्हणजे तो समिती मागतो. तंबाखूच्या बाबतीतही तसेच झाले.

आपल्या देशात पहिला कायदा १९७५ साली झाला. सिगारेटच्या पाकिटावर आणि जाहिरातीवर वैधानिक इशारा छापणे त्याने बंधनकारक केले. कायदा चांगला होता, परंतु तो फक्त सिगारेटपुरता होता. विडी त्यातून बाहेर, चघळण्याची तंबाखू बाहेर. सिगारेट ओढणारा कचेरीतला बाबू, त्याला इशारा मिळाला. विडी ओढणारा हमाल, गिरणीकामगार, शेतमजूर, त्याच्या बंडलावर एक अक्षरही आले नाही. उलट विडी ही आपली देशी वस्तू, पानाची, निरुपद्रवी, अशी समजूत गावोगाव पसरली. वास्तविक टेंभुर्णीच्या पानातून हवा आत शिरत नाही, विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते, त्यामुळे तिची विषे छातीत कमी जात नाहीत. २००८ साली सुमारे ११ लाख घरांतील मृत्यूंच्या पाहणीवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे दहा वर्षांनी कमी होते असे दिसून आले. गरिबाच्या सहा वर्षांची किंमत १९७५ च्या कायद्याने शून्य धरली होती.

विडी का वगळली? उत्तर नेहमी एकच मिळे: विडी कामगारांचे काय होईल? हा प्रश्न खोटा नाही, लाखो बायांच्या पोटाचा तो प्रश्न आहे. परंतु तो विचारणारे लोक कोण होते ते पाहिले पाहिजे.

१९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला. कारखान्याला परवाना, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, पाळणाघर अशी त्यात तरतूद होती, आणि घरी विड्या वळणारी बाईही कामगार ठरली होती. छाट म्हणून टाकून दिलेल्या विड्यांच्या नावाखाली मजुरी कापली जाते, ह्या जुन्या गाऱ्हाण्यालाही त्यात जागा मिळाली. मालकांनी काय केले? ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा वैध ठरविला. तोवर ठिकठिकाणी कारखाने मोडून काम घराघरांत वाटले जाऊ लागले होते. केरळात, कण्णूरच्या बाजूला, मोठ्या मालकांनी १९६८ साली कारखान्यांना कुलपे लावली आणि सुमारे १२,००० कामगार एका झटक्यात रस्त्यावर आले. त्यांची मजुरी, सुटी, पाळणाघर मालकांना परवडत नव्हते. हेच मालकवर्गीय पुढे इशाऱ्याचा प्रश्न निघाला की कामगारांच्या भाकरीसाठी गहिवरू लागले.

मध्यंतरी सिगारेटची जाहिरात खेळाच्या मैदानात शिरली होती. आपल्या क्रिकेट संघाच्या अंगरख्यावर ‘विल्स’ हे नाव झळकत होते. १९९६ ची विश्वचषक स्पर्धाही त्याच नावाने भरली. गोव्यातील शल्यविशारद डॉ. शरद वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या शाळकरी मुलांची पाहणी करून १९९६ साली दाखवून दिले की, असे पुरस्कृत सामने पाहणाऱ्या मुलांत तंबाखू चाखून पाहण्याचे प्रमाण वाढते. १९९७ साली गोव्याच्या विधानसभेने धूम्रपान व थुंकणे ह्यांवर बंदी घालणारा कायदा केला. मुंबईचे मुरली देवरा ह्यांच्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी क्रिकेट संघाच्या अंगरख्यावरील ते नावही गेले. २००३ साली संसदेने नवा कायदा केला. त्यात जाहिरातीला बंदी आली, अठरा वर्षांखालील मुलांना विक्री बंद झाली, शाळेपासून शंभर यार्डांत दुकान नको असे ठरले. मुख्य म्हणजे प्रथमच विडी, तंबाखू आणि गुटखा हे सारे एकाच कायद्याखाली आले.

इशाऱ्याची चित्रे २००६ साली ठरली. परंतु ती बंडलावर यावयाला ३१ मे २००९ उजाडावा लागला. मध्यंतरी तारखा पुढे ढकलल्या गेल्या, २००७ साली कायदा दुरुस्त करून कवटीच्या चिन्हाची सक्ती काढून टाकण्यात आली, आणि आली ती चित्रे सौम्य आली.

त्या दिवसांत आमच्या भागात मोर्चे निघाले. ज्या कारखानदाराने किमान वेतनाच्या मोर्चाला गेलेल्या बायांना आठवडाभर पान दिले नव्हते, त्यानेच ह्या मोर्चासाठी ट्रक पुरविले. मोर्चाला जावे की न जावे हे ठरविण्यासाठी आम्ही वस्तीत सभा घेतली. एक तरुण बाई म्हणाली, “भाऊ, बंडलावर फुप्फुसाचं चित्र आलं तर विडी खपायची नाही, असं शेठ म्हणतात. मग आम्ही खायचं काय?” प्रश्न रास्त होता. आम्ही उत्तर द्यावयाच्या आत मागून एक म्हातारी बोलली, “आमचे मालक विडीनंच गेले. मीच वळलेली असेल. चित्र आधी आलं असतं तर बरं झालं असतं.” सभा बराच वेळ गप्प होती. मग ठराव झाला की मोर्चाला जावयाचे नाही आणि पर्यायी कामाची मागणी लेखी द्यावयाची.

त्या म्हातारीच्या बोलण्यात सारा प्रश्न आला आहे. विडी वळणारी आणि विडी ओढणारा ही बहुधा एकाच घरातली माणसे असतात. मालक आणि डॉक्टर ह्यांच्या भांडणात कामगाराने एक बाजू घ्यावी असा हा प्रश्न मांडला जातो. परंतु कामगाराच्या घरात दोन्ही नुकसाने एकाच उंबऱ्यातून आत येतात.

आता २०१५ ची गोष्ट ऐका. चित्रमय इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर यावा, असा नियम त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू व्हावयाचा होता. संसदेच्या एका समितीने तो थांबविण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष महाराष्ट्रातले एक खासदार होते, आणि तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, सारे अभ्यास परदेशी आहेत, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. समितीच्या सभासदांत स्वतः एक मोठे विडी कारखानदार होते. खानोलकरांचा मुंबईतील आढावा तोवर एकाहत्तर वर्षांचा आणि संघवी-राव-खानोलकर ह्यांचा निबंध साठ वर्षांचा झाला होता! म्हणून मघाशी आम्ही ती गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली. नियम अखेर एक वर्ष उशिरा, १ एप्रिल २०१६ पासून, लागू झाला.

एवढा उशीर होऊनही ह्या प्रयत्नांना फळ आलेच नाही, असे नाही. २००९-१० च्या देशव्यापी पाहणीत ३४.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७ च्या पाहणीत ते प्रमाण २८.६ टक्क्यांवर आले. कायदा, कर, इशारा आणि बंदी ही एकत्र आली म्हणजे व्यसन हटते, हे ह्यावरून दिसते. परंतु त्याच दुसऱ्या पाहणीत सिगारेट ओढणारे ४ टक्के, तर विडी ओढणारे ७.७ टक्के निघाले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवरील कर ४० टक्के करण्याचे ठरविले, त्याच बैठकीत विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. कारण अर्थात विडी कामगारांचे हित! ह्या सवलतीतला एक पैसा हजार विड्यांच्या मजुरीत पडावा, अशी अट मात्र कोणी घातली नाही. शिवाय १९७६ च्या कायद्याने विडीवर जो उपकर बसविला होता, ज्यातून कामगारांचे दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत आणि घरांना मदत होई, तो उपकर जीएसटी आल्यावर २०१७ साली रद्द झाला. कामगारांचे हित जपावयाचे असते, तर तो उपकर प्रथम राखला असता.

मग कामगाराने काय मागावे? ह्याचे उत्तर कण्णूरच्याच लोकांनी देऊन ठेवले आहे. कुलपे लागलेल्या त्या कामगारांनी १९६९ साली, राज्य सरकारच्या मदतीने, केरळ दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली. कायद्याप्रमाणे मजुरी आणि सुट्या देऊन धंदा चालतो, हे त्यांनी सिद्ध केले, व पुढे तीस हजारांहून अधिक कामगार त्या संस्थेत काम करू लागले. आणि विडीचा खप उतरणार हे दिसू लागल्यावर, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, त्याच संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे आणि संगणकाची कामे ह्यांत हात घातला. विडी कामगारांची संख्या तेथेही पुष्कळ घटली, सगळ्यांची सोय झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु धंदा संपणार हे ओळखून कामगारांनी स्वतः वाट काढली, असे दुसरे उदाहरण आम्हांस माहीत नाही. आपल्या सोलापुरातही विडी कामगार बायांनी संघटनेच्या बळावर, केंद्र व राज्य सरकारचा वाटा मिळवून, कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत उभी केली, आणि २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. ज्यांनी घरे मिळविली त्या नवे कामही मिळवू शकतील.

तंबाखूविरोधी जागतिक करार २००५ साली अमलात आला. भारत त्यात आहे. त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूचे कामगार व शेतकरी ह्यांना परवडेल असे दुसरे काम मिळवून देण्याचे वचन आहे. इशाऱ्याची आणि बंदीची कलमे सरकारने उशिरा का होईना हाती घेतली. सतरावे कलम मात्र विडीच्या गावांत क्वचितच पोचलेले दिसते. आमचे मागणे असे की, विडीवर सिगारेटइतकाच कडक इशारा आणि कर असावा, आणि त्या करातला ठरावीक हिस्सा विडी कामगारांच्या नव्या कामासाठी, शिक्षणासाठी व दवाखान्यासाठी कायद्याने राखून ठेवावा. दोन्ही एकदम व्हावे. पहिले करून दुसरे टाळले तर बाया उपाशी मरतील. दुसऱ्याचे निमित्त करून पहिले टाळले तर त्यांचे नवरे खोकून मरतील, आणि आजवर तेच चालू आहे.

नगरवासी श्रोत्यांचे ह्यात काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. शाळेजवळची टपरी तुमच्याच रस्त्यावर आहे, आणि तिच्याविरुद्ध अर्ज करावयाला वकील लागत नाही. वेलदोड्याच्या नावाखाली नटमंडळी ज्या नावाची जाहिरात करतात, त्याच नावाच्या पुड्या कोपऱ्यावरच्या दुकानात लटकत असतात; मुलांना ते समजावून सांगणारे आईबापच असतात. आणि पुन्हा कोणी पुढारी सभेत उभा राहून विडी कामगारांच्या नावाने इशारा पुढे ढकला असे म्हणू लागला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: हजार विड्यांना मजुरी किती मिळते, आणि ती वाढविण्यासाठी आपण काय केले? उत्तर ऐकून घ्या. मग कोण कोणासाठी बोलत आहे, हे तुम्हांला आमच्या व्याख्यानावाचूनही कळेल.